टॉवेलखालची दांडी

मी एक जुनी दांडी आहे. पण मित्रांनो, एवढ्यावरून तुम्ही मला ओळखणार नाही, कारण आम्हा दांड्यांवर बहुतेक वेळा कुणाचा तरी ओला टॉवेल वाळत असतो. बाथरूममध्ये शिरलात की उजव्या हाताला, कमरेच्या जरा वर, भिंतीत घट्ट बसवलेली, थोडी तिरकी अशी स्टीलची दांडी दिसते ना, ती मी. लहान मुलं आम्हाला लोंबकळतात. मोठी माणसं आमच्यावर कपडे टाकतात. माझा जन्म या दोन्ही कामांसाठी झाला नव्हता. ज्या एका क्षणासाठी झाला होता, तो क्षण माझ्यासमोर हातभर अंतरावर आला आणि निघून गेला. मी जागची हलू शकले नाही. दांडीला हलता येत नाही, हाच तिचा गुण. त्या दिवशी मात्र तो गुण मला शापासारखा वाटला.

माझी सुरुवात एका लांबलचक नळीपासून झाली. कारखान्यात ती नळी कापली, तिचे तुकडे केले, त्यातला एक तुकडा मी. माझी दोन्ही टोकं वाकवून त्यांना गोल चकत्या जोडल्या. मग पॉलिशवाल्याने मला घासून घासून असं चमकवलं की त्याला माझ्यात आपली मिशी दिसायला लागली. मधल्या भागावर मात्र त्याने पॉलिश केलं नाही. तिथे बारीक खरखरीत जाळी कोरली, साबणाचा ओला हात निसटू नये म्हणून. शेवटी मला एका चौकटीवर ठोकून माझ्यावर लोखंडी वजनं टांगली. एक झालं, दुसरं झालं, आणखी टांगली. मी ढिम्म. तपासनीस मागे सरून म्हणाला, "हिला हत्ती बांधा. हत्ती दमेल, ही दमायची नाही."

मित्रांनो, कौतुक फार वाईट. त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं फुगून होते. आपण बळकट आहोत म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. बळ असणं वेगळं आणि ते कुणाच्या उपयोगी पडणं वेगळं, हे मला तेव्हा कोण सांगणार?

कारखान्यातून मी गेले एका संशोधन केंद्रात. तिथे म्हाताऱ्या माणसांची हाडं आणि त्यांचं पडणं, या दोन गोष्टींचा अभ्यास चालायचा. तुम्हाला हसू येईल, पण तिथे एक खोटं बाथरूम होतं. नळ होता, त्याला पाणी नव्हतं. आरसा होता, त्यात कुणी भांग पाडत नव्हतं. आणि फरशी अशी होती की बटण दाबलं की पायाखालून सर्रकन सरकायची. आपल्या खुशीने आलेले आजी-आजोबा त्या फरशीवर उभे राहायचे. त्यांच्या अंगाला जाड पट्टे बांधून ते छताला अडकवलेले असत, म्हणजे पाय सुटला तरी लागायला नको. एक गोल चेहऱ्याच्या आजी त्या पट्ट्यांत उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "अहो डॉक्टरीणबाई, मला अगदी वाळत घातल्यासारखं वाटतंय!" सगळी खोली हसली. मीही हसले असते.

त्या डॉक्टरीणबाई केंद्रातल्या सगळ्यांत मोठ्या. आवाज इतका हळू की ऐकायला लोकांना जवळ यावं लागे. फरशी सरकली की माणसाचा हात कुठे जातो, हे त्या बघायच्या. मला कधी वर बसवायच्या, कधी खाली, कधी आडवी, कधी तिरपी. आणि त्यातून त्यांना एक गोष्ट उमगली, ती त्या केंद्रात कामाला आलेल्या नव्या मुलींना पुन्हा पुन्हा सांगायच्या:

"पडणारा माणूस बघत नाही आणि विचारही करत नाही. तेवढी सवड कुठे असते त्याला? त्याचा हात रोज जिथे जातो, तिथेच जातो."

खरंच तसं व्हायचं. ज्यांना आत येता-जाता, गरज असो नसो, मला धरायची सवय लावली होती, त्यांचा हात फरशी सरकताच बरोबर माझ्यावर यायचा. ज्यांनी मला नुसतं पाहून ठेवलं होतं, त्यांचा हात हवेत फिरायचा आणि ते पट्ट्यांत लोंबकळायचे.

दुसरी गोष्ट मी तिथे शिकले ती हाडांची. भिंतीवर हाडांची मोठी चित्रं होती. चांगल्या हाडाच्या आत बारीक, दाट जाळी असते. वय झालं की ती जाळी विरत जाते. बायकांची तर लवकर. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "जुनी चादर कशी घडी घातलेली असली की नव्यासारखी दिसते, उजेडापुढे धरली की कळतं, तसं आहे हे. हाड विरताना दुखत नाही. म्हणून तर कुणी तपासायला येत नाही."

हे मी ऐकून ठेवलं होतं. मित्रांनो, देवाने मला कान दिले, जीभ दिली नाही. त्याचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. पण एकदा, फक्त एकदा, मी त्याच्याकडे जीभ मागितली होती. ती गोष्ट पुढे येईल.

काही दिवसांनी केंद्राने ठरवलं की आता खोटं बाथरूम पुरे, खऱ्या घरांत जाऊन बघू. तसे आम्ही सगळ्या दांड्या वेगवेगळ्या घरांत गेलो. मी आले एका म्हाताऱ्या रंगाऱ्याच्या घरी.

दोन खोल्यांचं घर. बाथरूमचं दार झोपायच्या खोलीत उघडायचं, त्यामुळे पलंगाचा उशाकडचा कोपरा, खिडकी आणि एक खुर्ची एवढं मला दिसायचं, आणि दोन्ही खोल्यांतलं सगळं ऐकू यायचं. घरात दोघंच, रंगारी आजोबा आणि आजी. आजोबांनी सगळं आयुष्य परांचीवर उभं राहून उंच उंच इमारती रंगवल्या होत्या. मधे एकदा रस्त्यात चालताना ते पडले, दवाखान्यात नेलं, तिथून त्यांचं नाव या अभ्यासात आलं.

मिस्त्री मला बसवायला आला तेव्हा आजोबा खुर्ची ओढून दारात बसले.

"अरे, तिरकी लावतोयस."

"तिरकीच लावायची असते, बाबा. तशी खूण करून दिलीय."

"आणि ही कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" आजोबा हसले. "मित्रा, दोन फळ्या आणि एक दोर, एवढ्यावर मी वाऱ्यात उभा राहिलोय. खालची माणसं मुंगीएवढी दिसायची. तिथे कधी पडलो नाही, आणि या मोरीत पडू?"

"रस्त्यात पडलात ते?" आजी आतून म्हणाल्या.

"तो रस्ता खराब होता."

आजी फारशा बोलायच्या नाहीत. अंगाने किडकिडीत, पाठीत थोड्या वाकलेल्या. वरच्या फळीवरचा डबा काढायला त्यांना आता स्टूल लागायचं. आजोबा चिडवायचे, "बुटकी झालीस की गं!" त्यावर आजी म्हणायच्या, "मी आहे तेवढीच आहे. तुम्ही फळी वर नेलीत." दोघं हसायचे. मी हसायची नाही. केंद्रातल्या भिंतीवर ते चित्रही होतं, विरलेल्या मणक्यांचं. उंची अशीच कमी होत जाते, हसता हसता.

सकाळी उठल्यावर तोंड धुताना आजी पुटपुटायच्या. त्यांची प्रार्थना अगदी लहान होती. "देवा, सगळ्यांना सांभाळ. आधी यांना." रोज तेच शब्द, त्याच क्रमाने. ताप असला तरी चुकायच्या नाहीत. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. त्यात आजींचं स्वतःचं नाव कधी आलं नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

केंद्रातून महिन्याला एक तरुण मुलगी यायची. खांद्याला पिशवी, तिच्यात मोजपट्टी, घड्याळ आणि रबराचे पट्टे. ती पायपुसणी सरकते का बघायची, दिव्याचं बटण हाताशी आहे का बघायची, आजोबांच्या चपलांचे तळवे उलटे करून बघायची. खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावायची. आणि शेवटी विचारायची, "मग आजोबा, या महिन्यात कधी पडलात?" म्हणून आजोबांनी तिचं नाव ठेवलं होतं पडझडताई. तिला ते आवडायचं. फोनवरसुद्धा ती म्हणायची, "मी पडझडताई बोलतेय."

पहिल्याच भेटीत तिने मला थोपटून सांगितलं, "आजोबा, आत जाताना आणि बाहेर येताना दर वेळी हिला धरायचं. गरज नसली तरी. सवयच लावून घ्या."

"जशी आज्ञा," आजोबा म्हणाले. ती गेली आणि आजींनी आजोबांचा ओला टॉवेल माझ्यावर टाकला. "बाई, बरी सोय झाली," त्या म्हणाल्या. "खिळ्यावर वाळतच नव्हता."

इथवर सगळं चालण्यासारखं होतं. टॉवेल काय, काढता येतो. पण एका रविवारी मुलगा आणि मुलगी दोघं आले होते. आजोबा पलंगावर डोळे मिटून पडले होते, आजी आत कपडे खळबळत होत्या. मुलगा हळू आवाजात बहिणीला म्हणाला, "ताई, हे असं किती दिवस? बाबा पुन्हा पडले की हे घर बंद करायचं. बाबा माझ्याकडे, आई तुझ्याकडे."

"दोघं एकत्र नाही का राहू शकणार?"

"कुठे? तुझ्याकडे एक कॉट बसते, ती पण तुझ्या मुलीच्या खोलीत. माझ्याकडे हॉलमध्ये बाबांची सोय होईल. दुसरं काही सुचत असेल तर सांग."

मुलं वाईट नव्हती, मित्रांनो. घरंच लहान होती. पण आत आजींच्या हातातला कपडा तसाच राहिला. नळ वाहत होता आणि आजी त्याच्याकडे बघत उभ्या होत्या. पलंगावर आजोबांचे डोळे मिटलेले होते. पापण्या मात्र हलत होत्या.

त्या दिवसापासून या घरात पडणं हा शब्द बंद झाला.

पण शब्द बंद झाला म्हणून पडणं थोडंच थांबतं? पावसाळी हवेची एक सकाळ होती. आजोबा तोंड धुऊन वळले आणि भिंतीला घासत घासत हळूहळू खाली आले. मी अगदी डोक्यावर होते त्यांच्या. आजी धावल्या. काखेत हात घालून, सगळा जोर लावून त्यांना उठवलं. बराच वेळ दोघांनाही धाप लागली होती.

"हे पडणं नव्हे," आजोबा म्हणाले. "बसलो मी. जरा घाईने बसलो."

"हो, आणि ओल्यात, ठरवून."

"त्या पडझडताईला सांगू नकोस. ती लगेच पोराला फोन करेल."

"मी कशाला सांगू? मला काय वेगळं राहायची हौस आलीय?"

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "अहो, ती दांडी धरत जा ना. एवढी बसवलीय."

"गार लागते ती. आणि म्हाताऱ्यांची असते."

"मग तुम्ही कोण, नवरदेव?"

"खांदा दे तुझा. तेवढा पुरे मला."

आणि आजींनी खांदा दिला. असा दिला की पुन्हा काढून घेतलाच नाही. आजोबा आत निघाले की हातातलं काम टाकून त्या यायच्या आणि दाराशी, बरोबर माझ्यासमोर, माझ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. आजोबांचा जड हात त्यांच्या खांद्यावर पडायचा. रोज, प्रत्येक खेपेला. बाहेर आल्यावर आजी टॉवेल हातात घ्यायच्या, आजोबांचे पाय पुसायच्या, तो पिळून परत माझ्यावर टाकायच्या. आजोबांचा हात रोज खांद्यावर. आजींचा हात रोज टॉवेलवर. डॉक्टरीणबाईंचे हळू आवाजातले शब्द मला आठवायचे आणि माझा जीव टांगणीला लागायचा. मी त्यांच्या पाठीमागे वीतभर अंतरावर होते. हत्ती बांधला तरी न हलणारी मी, आणि माझ्यासमोर ती विरलेल्या चादरीसारखी बाई एका रंगाऱ्याचं सगळं वजन पेलत होती.

पडझडताई यायची त्या दिवशी घरात निराळीच धांदल असे. आजी टॉवेल उचलून पलंगाखाली सारायच्या, मला कोरड्या फडक्याने पुसून लख्ख करायच्या. आजोबा नव्या चपला घालायचे. तिच्यासमोर ते मला धरून मोठ्या ऐटीत आत-बाहेर करून दाखवायचे, वर सलामही ठोकायचे. इतका छान धरायचे मला! ती एक खेप सोडली तर महिनाभर त्यांचं बोट मला लागत नव्हतं.

"वा, आजोबा! आणि पडलात कधी?"

"छे!"

"एकदाही नाही? शाब्बास!"

ती मनापासून खुश व्हायची. तिचा तो खुललेला चेहरा बघून आजींना वाईट वाटायचं, हे मला कळायचं, कारण ती गेल्यावर त्या टॉवेल परत टाकताना माझी क्षमा मागितल्यासारखा हळूच टाकायच्या.

एकदा पडझडताई जाता जाता थांबली. आजी स्टुलावर चढून डबा काढत होत्या. ती बघत राहिली.

"आजी, तुमची उंची कमी झालीय का हो?"

"फळी वर गेलीय," आजी नेहमीसारखं म्हणाल्या.

पण ती हसली नाही. "तुमचीही हाडं तपासून घेऊ या ना. काही दुखत नाही. एका यंत्राखाली नुसतं निजायचं, झालं."

"मला काय धाड भरलीय? आणि मी आले तर यांच्यापाशी कोण?"

"मी गाडी पाठवते. पुढच्या आठवड्यात?"

"बघू."

मित्रांनो, तेव्हा मी देवाकडे जीभ मागितली. फार नाही, एका वाक्यापुरती. मला एवढंच सांगायचं होतं: ताई, टॉवेल पलंगाखाली आहे, तो काढून बघा. बाकी सगळं तिला आपोआप कळलं असतं. ती हुशार होती. पण ती चपला घालून निघून गेली. पुढचा आठवडा आला तेव्हा आजोबांना सर्दी होती. त्याच्या पुढच्या आठवड्यात पाहुणे होते. मग गाडीचं राहून गेलं.

आणि तो दिवस आला. अगदी साधी सकाळ. खिडकीतून कोवळं ऊन पलंगाच्या कोपऱ्यावर आलेलं. आजी तोंड धुऊन प्रार्थना म्हणून गेल्या होत्या. आजोबांची अंघोळ झाली, त्यांनी हाक मारली, "ये गं." आजी आल्या, माझ्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. आजोबांनी खांद्यावर हात ठेवला आणि उंबरठ्यावरून पाय बाहेर टाकला. मागचा पाय साबणाच्या पाण्यात होता. तो सुटला.

त्यांचा हात जिथे रोज जायचा तिथेच होता. सगळं वजन त्या खांद्यावर आलं. आजी "अहो, थांबा" म्हणाल्या आणि वाकल्या, वळल्या, आणि त्यांचा हात मागे, माझ्याकडे आला. आला, मित्रांनो! अगदी सरळ आला. पण तो रोज ज्याच्यावर यायचा त्या टॉवेलवर आला. त्यांनी टॉवेल मुठीत घट्ट धरला. टॉवेल माझ्यावरून सरसर सरकला आणि त्यांच्याबरोबर खाली गेला. माझी ती खरखरीत जाळी, ओला हात निसटू नये म्हणून कोरलेली, तिला त्या हाताचा स्पर्शसुद्धा झाला नाही.

आजी कुशीवर उंबरठ्यावर पडल्या. आवाज फार लहान झाला. आजोबा चौकटीला घासत खाली बसले. त्यांना खरचटलंही नव्हतं.

"तुम्हाला लागलं नाही ना?" हे आजींचं पहिलं वाक्य.

"नाही. ऊठ तू. ऊठ ना गं."

"उठता येत नाहीये हो. पाय माझा वाटतच नाहीये."

आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आजींना ओढायचा प्रयत्न केला, आजी कळवळल्या, त्यांनी हात सोडला. फोन पलीकडच्या खोलीत. तिथे जायचं तर उठायला हवं, आणि उठायला त्यांना एकच खांदा ठाऊक होता, तो जमिनीवर होता. ते इकडे तिकडे बघू लागले. मग त्यांनी वर पाहिलं. मी होते. उघडी, रिकामी.

त्यांनी मला धरलं. आधी एका हाताने, मग दोन्ही. आणि एका दमात ते उठून उभे राहिले.

इतकं सोपं होतं ते.

आजोबा उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही आणि तुम्हाला सांगणारही नाही. मग ते भिंत धरत फोनकडे गेले.

आजींचा खुबा मोडला होता. दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा कळलं की त्यांची हाडं आजोबांच्या हाडांहून कितीतरी विरलेली होती. पडणारा म्हणून सगळे ज्यांच्याकडे बघत होते, त्यांची हाडं चांगली होती.

पुढे एका दुपारी मुलगा आजोबांचे कपडे भरायला आला. आजोबा खुर्चीवर बसून होते. तेवढ्यात पडझडताई आली. पिशवी तिने दाराशीच ठेवली.

"आजोबा, आजींचं कळलं मला."

"पोरी, तू विचार ते. या महिन्यात पडलो का, ते विचार."

"राहू दे हो आता."

"विचार म्हणतोय ना."

तिने खाली बघून विचारलं, "पडलात का?"

"पडलो. मागच्या महिन्यातही पडलो. त्याच्या आधीही. दर वेळी तिने उचललं. आणि ही तुझी दांडी तू यायचीस त्याच दिवशी धरली."

"मला का नाही सांगितलंत?"

आजोबांनी मुलाकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर आम्हाला वाटून घेणार होते."

मुलाच्या हातातला सदरा तसाच राहिला. "बाबा, वाटून काय? आम्ही सोय बघत होतो."

"सोयच होती ती. आमची नव्हती, एवढंच."

मुलगा पलंगाच्या कोपऱ्यावर बसला. मग पडझडताई हळू आवाजात, अगदी डॉक्टरीणबाईंसारखी म्हणाली, "मीच चुकीचं विचारत होते. तुम्ही 'नाही' म्हणालात की शाब्बास म्हणायचे. मग 'हो' कोण म्हणेल? आणि आम्ही पडणाऱ्यालाच विचारत बसलो. धरणाऱ्याला कुणी काही विचारलंच नाही." तिने आत येऊन मला हात लावला. टॉवेलच्या पाण्याचा वाळलेला डाग अजून माझ्यावर होता. तो तिने ओढणीने पुसला.

म्हणतात, आता केंद्रात दोन माणसं असतील तर दोघांचीही हाडं तपासतात, आणि दोघांना वेगवेगळं बसवून विचारतात. बरं झालं. पण आजींच्या खुब्याला त्याचा काय उपयोग?

शेवटी झालं तेच, जे होऊ नये म्हणून त्या दोघांनी एवढं सगळं लपवलं होतं. घर बंद झालं. आजोबा मुलाकडे गेले; तिथे त्यांच्यासाठी माझी एक बहीण बसवली. आजी दवाखान्यातून लेकीकडे. मिस्त्रीने मला त्या भिंतीतून काढलं आणि लेकीच्या बाथरूममध्ये बसवलं, आजींसाठी. तिथेच मी आता असते.

आजी वॉकर घेऊन येतात. लेकीची मुलगी मागे उभी असते. पहिल्या दिवशी तिने आल्या आल्या आपला टॉवेल माझ्यावर टाकला. आजींनी तो काढला आणि तिच्या हातात दिला. तिने विचारलं, "आजी, इथे का नाही टाकायचा?" आजी म्हणाल्या, "ही जागा हाताची आहे." तेव्हापासून माझ्यावर कधी टॉवेल पडला नाही. तोंड धुऊन आजी मला धरून उभ्या राहतात आणि पुटपुटतात. प्रार्थना तीच आहे. शेवटी एक शब्द नवा आला आहे: "आणि मला."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावरचा टॉवेल आजच काढा. नसेल तर मोठ्यांना सांगून एक बसवून घ्या. तुमची आजी बुटकी झाली म्हणून तिला चिडवू नका. घरातल्या मोठ्यांना तिला डॉक्टरांकडे न्यायला सांगा. जी माणसं दुसऱ्याला धरून उभी असतात, त्यांना कोण धरतं तेही बघा. आणि माझं सगळ्यांत मोठं मागणं असं की, तुमचे आजोबा कधी म्हणाले, "मी आज पडलो," तर त्यांच्यापासून काही काढून घेऊ नका. घर नाही, चालणं नाही, माणूस तर नाहीच. नाहीतर ते पुन्हा सांगणार नाहीत.

रविवारी मुलगा आजोबांना इकडे घेऊन येतो. संध्याकाळ होईपर्यंत दोघं खिडकीशी बसून असतात. निघायच्या आधी आजोबा हात धुवायला आत येतात आणि आजी वॉकर टेकत टेकत त्यांच्यामागे येतातच. कुणी सांगूनही ऐकत नाहीत. गेल्या रविवारी बाहेर पडताना आजोबांचा हात सवयीने वर गेला, आजींच्या खांद्याच्या दिशेने. मधेच थांबला. तसाच हवेत राहिला.

आजींनी वॉकरवरचा एक हात सोडला, आजोबांचं मनगट धरलं आणि हळूच माझ्यावर आणून ठेवलं.

"इथे," त्या म्हणाल्या. "रोज. तिकडेसुद्धा."

त्यांनी आपला हात त्या हातावर तसाच राहू दिला. बाहेरून मुलाने हाक मारली, "बाबा, निघू या ना? उशीर होतोय." मुलाने पुन्हा हाक मारली. मी दोघांनाही धरून होते. पण मित्रांनो, मला त्यांना तिथे ठेवून घेता येत नव्हतं.